टोकियोत एकच पिझ्झा खायचा, तर सेइरिंकान की तामाकी?

एका मैत्रिणीला टोकियोत पिझ्झ्यासाठी एकच संध्याकाळ मिळणार आहे. सेइरिंकान आणि तामाकी या तिथल्या दोन पिझ्झेरिया. दोन्हीकडे लाकडाची भट्टी, पीठ इटलीतल्या नेपल्सच्या वळणाचं.

निवड: नाकामेगुरोच्या सेइरिंकानमध्ये पिझ्झे दोनच, मारिनारा आणि मार्गेरिता. तिथले शेफ सुसुमु काकिनुमा यांचा हा हट्टच. मारिनारावर चीज नाही; टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. लपायला जागाच नसल्यामुळे कडेची करपट चव, पिठाचा लुसलुशीतपणा नीट कळतो. शिवाय बीटल्सची गाणी आणि लोखंडी गोल जिना! हिगाशी-आझाबूच्या 'पिझ्झा स्टुडिओ तामाकी'त यादी लांब.

चव: तामाकीत पिझ्झा टाकण्याआधी भट्टीच्या तळावर मीठ भिरकावतात, म्हणून बुडाला खारट चटका लागतो. काहींना तो जास्त वाटेल. मला आवडतो.

खर्च: फार फरक नाही. टिप दोन्हीकडे नाही.

खटपट: नाकामेगुरो स्टेशनवरून सेइरिंकान चालत गाठता येतं. तामाकीला टोकियो टॉवर जोडून घेता येतो. आरक्षण दोन्हीकडे करावंच.

चारजण, चार आवडी असतील तर तामाकी. एकटी असशील, किंवा चीजविना पिझ्झा कसा लागतो हे बघायचं असेल, तर सेइरिंकान, आणि तिथे मारिनाराच माग.