भीमगडच्या कडेची जंगलफेरी : दोन चापडे आणि एक उडता सरडा

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याला लागून असलेल्या एका घरगुती निवासात आम्ही सप्टेंबरअखेरीस दोन रात्री राहिलो. २०११ साली घोषित झालेले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे जंगल बेळगावकरांना ठाऊक आहे ते किल्ल्यामुळे आणि बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांमुळे. साप पाहण्यासाठी मुद्दाम येणारे थोडेच, आणि आम्हीही त्यांतले नव्हतो.

निवासातर्फे रात्रीची फेरी गावच्या हद्दीतील ओढ्याकाठाने नेतात. वाटाडे मामा गावचेच. ते इतके सावकाश चालतात की सुरुवातीला कंटाळा येतो, पण त्याच चालीमुळे, मी शेवाळलेली डहाळी समजून जिच्याजवळून पुढे गेलो होतो, ती वस्तू म्हणजे वेटोळे घालून बसलेला हिरवा मलबारी चापडा आहे हे कळले. "हात लांब ठेवा, तो कुठं जाईत नाही," मामा म्हणाले. खरोखरच सकाळी तो त्याच फांदीवर होता. दबा धरून शिकार करणारा हा विषारी साप डोळा आणि नाकपुडी यांमधील खळगीने भक्ष्याच्या अंगाची ऊब हेरतो आणि एकाच जागी कित्येक दिवस बसून राहतो. वीसेक पावलांवर दुसरा दिसला, तो तपकिरी. हा वेगळ्याच जातीचा असावा असे मला वाटले, परंतु एकाच जातीत इतके रंग आढळतात, हे तिथेच समजले.

सकाळी सुपारीच्या बागेत राखी खोडाला चिकटलेल्या सरड्याने गळ्याखालची पिवळी झालर दोनदा उघडली आणि फासळ्यांवर ताणलेला पडदा पसरून तो थेट समोरच्या झाडावर तरंगत गेला. आम्ही सर्वजण काही क्षण निःशब्द होतो.

आमच्यातील एकाने छायाचित्रासाठी चापड्याला काठीने हलवायला सांगितले, तेव्हा मामांनी ठाम नकार दिला. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

उणीव मात्र गंभीर आहे. गमबूट दिले जात नाहीत, आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळ कोणत्या रुग्णालयात मिळते, या प्रश्नाला चालकांकडे उत्तर नव्हते. विषारी सापांच्या वाटेवर रात्री माणसे नेणाऱ्यांनी ही माहिती आरक्षणाच्या वेळीच द्यायला हवी. फेरीचे माणशी ६०० रुपये मला योग्य वाटले. एका वेळी सहांपेक्षा अधिक जण नेत नाहीत. गर्दी वाढली तरी ही मर्यादा त्यांनी सोडू नये.