कुत्रा दिसला की वेडापिसा होणारा आमचा बंड्या, तीन महिन्यांचा अनुभव

बंड्या आमचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा, दोन वर्षांचा, घरात अगदी लोण्याचा गोळा पण खाली नेला आणि समोरून दुसरा कुत्रा दिसायचा अवकाश, की मागच्या दोन पायांवर उभा राहून घसा बसेपर्यंत भुंकणार, आणि कोथरूडच्या आमच्या गल्लीत दर दहा पावलांवर एक कुत्रा. सोसायटीतले लोक आम्हाला बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागलेले.

आधी एका ट्रेनरने चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालायला लावली होती, भुंकला की झटका. महिन्याभरात बंड्या अजून लांबूनच गुरगुरायला लागला. मग आम्ही दुसऱ्या एका ट्रेनर ताईंकडे गेलो, ह्या ताईंनी कारण सांगितलं, कुत्रा दिसला की गळा दुखतो एवढंच तो त्यातून शिकला. फार वाईट वाटलं ऐकून.

सुरू करायच्या आधी त्यांनी व्हेटकडून तपासून आणायला लावलं, कारण कुठे दुखत असेल तर कुत्रा चिडचिडा होतो, आणि खरंच बंड्याच्या कानात इन्फेक्शन निघालं. मग मैदानात नेऊन अंतर शोधलं. वीस मीटरवर कुत्रा दिसला तरी तो उकडलेलं चिकन खात होता, त्याच्या आत गेलं की चिकनकडे बघतही नव्हता. खात नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, मागे फिरा. आणि आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग चिकन. मी आठवडाभर उलटं करत होते, आधीच चिकन दाखवायचे, काहीच फरक पडेना, ताईंनी व्हिडिओ बघून चूक पकडली.

मला सगळ्यात पटलं ते हे की तो रागीट नाहीये, पट्ट्यामुळे त्याला ना जवळ जाता येतं ना लांब पळता येतं, त्याची ती तगमग असते. आणि ताण साठत जातो. गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झाली, त्यात दोनदा कुरिअरची बेल वाजली, की संध्याकाळचा वॉक रद्द, त्याऐवजी टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवून द्यायचं, हुंगून हुंगून शांत होतो.

आता सहा-सात मीटरवरून कुत्रा गेला तरी वळून माझ्याकडे बघतो. बाईकच्या मागे अजूनही खेचतो, त्यावर काम चालू आहे.

एक तक्रार, ताईंची वेळ पटकन मिळत नाही, आम्ही तीन आठवडे थांबलो. आणि होमवर्क घरातल्या सगळ्यांनी करावं लागतं, आमचे बाबा पहिले पंधरा दिवस ओरडूनच गप्प करायचे. शक्य असेल तर सकाळी लवकरची वेळ मागा, तेव्हा रस्त्यावर गर्दी कमी असते.