अंगझडती: जागेवरच द्यावी की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर?

कोथरूडला खोली घेऊन राहणाऱ्या भाच्याने विचारलं: रात्री नाकाबंदीत अमली पदार्थांच्या संशयावरून अडवलं, तर अंगझडती तिथेच देऊन मोकळं व्हावं, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच घ्या म्हणावं? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० मध्ये ही निवड आपल्याकडे आहे.

वेळ जागेवर कमी जातो. दुसऱ्या पर्यायात अधिकाऱ्यापुढे नेईपर्यंत ताब्यात ठेवता येतं.

खरा फरक संशय कोण तोलतो यात आहे. जागेवर तो पोलीसच तोलतो. अधिकाऱ्यापुढे नेल्यावर मात्र त्याला झडतीसाठी वाजवी कारण दिसलं नाही, तर लगेच सोडावं लागतं. माझ्या मते हे संरक्षण फार मोठं आहे. हा हक्क पोलिसांनी आपणहून सांगायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये बजावलं.

बॅगेला कलम ५० लागू नाही, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्त्रीची झडती दोन्हीकडे स्त्रीनेच घ्यायची.

रस्त्यावर वर्दळ असेल, सोबत मित्र असतील आणि घाई असेल, तर जागेवर चालेल. एकटे असाल, खिशात काही टाकलं जाईल अशी धास्ती असेल, तर अधिकाऱ्याचाच आग्रह धरा. ‘हक्क नको’ अशा कागदावर न वाचता सही करू नका.