कंपनीचा लॅपटॉप की स्वतःचा फोन: ऑफिसला काय दिसतं?

लॅपटॉप कंपनीचा, म्हणजे त्यावर सत्ताही तिचीच. अनेक कंपन्या त्यात आपलं रूट सर्टिफिकेट (कोणाच्या सही-शिक्क्यावर विश्वास ठेवायचा, हे लॅपटॉपला सांगणारी फाइल) टाकून ठेवतात. मग एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण, असूनही मधला प्रॉक्सी (तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसलेला कंपनीचा सर्व्हर) तुमचं पान उघडून वाचू शकतो. इन्कॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोचा, इथे काडीचा उपयोग नाही. तो फक्त ब्राउझरमध्ये हिस्टरी ठेवत नाही. शंका असेल तर एखादी साधी साइट उघडा आणि त्या साइटचं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते ब्राउझरमध्ये बघा. तिथे कंपनीचं नाव आलं, की समजून जा. (बँकेच्या साइटवरून ठरवू नका, त्या बऱ्याचदा वगळलेल्या असतात.)

स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल घेतली तर ऑफिसची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते. नोकरी सोडली की कंपनी तेवढाच कप्पा पुसते. घरचे फोटो, खासगी चॅट तिच्या हाती लागत नाहीत. ऑफिसचं वायफाय वापरलंत तर मात्र कुठल्या साइटवर गेलात ते सहसा कळतंच.

कायद्यावर फार भिस्त नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. म्हणून डॉक्टरांचे रिपोर्ट आणि दुसऱ्या नोकरीचे अर्ज फोनवरच, तेही स्वतःच्या नेटवर.