डोंगरवाटेवर घोडा की गुरे? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थांसाठी तुलना

सत्तरीतील डोंगरवाटा पर्यटकांसाठी खुल्या करण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की, घोडेस्वारीला परवानगी द्यावी का आणि गुरांचे चरणे थांबवावे का, हे दोन प्रश्न लागोपाठ पुढे येतात. दोन्हींची गणना एकाच ‘जनावरांचा उपद्रव’ या सदरात केली तर निर्णय चुकेल, कारण दोघांमुळे होणारी हानी वेगळ्या प्रकारची आहे.

घोडा वजनाने चार-पाचशे किलोंचा, त्यात स्वार आणि खोगीर, आणि खाली लोखंडी नाल. शिवाय घोडे एकामागोमाग एकाच रेषेत चालतात. मागच्या पावसाळ्यात एका चढावर मी वाकून पाहिले, तेव्हा टापेचा अर्धचंद्र बोटाच्या दोन पेरांइतका रुतलेला होता, त्याच्या कडेची जांभ्याची खडी सुटली होती आणि पुढच्या सरीचे पाणी त्याच खळग्यातून वाट काढत होते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात असे खळगे जोडले जाऊन वाटेचा ओहळ व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतील माँटॅना राज्यात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पादचारी व सायकलींच्या तुलनेत घोड्यांमुळेच सर्वाधिक माती सुटी झालेली दिसली. त्यात घोडा रवंथ करत नसल्याने बाहेरून आणलेल्या चाऱ्यातील तणांचे बी लिदीतून शाबूत पडण्याची शक्यता अधिक असते.

गुरांचे तसे नाही. ‘श्वेत कपिला’ ही गोव्याची गावठी गाय अंगाने लहान असते, खूर दुभंगलेले असतात आणि कळप चरता चरता पसरतो, त्यामुळे एकाच रेषेवर भार येत नाही. मात्र कळप रोज येतो. पाणवठ्याभोवती चिखल होतो, कोवळी रोपे खाल्ली जातात, आणि गुरे तोंड लावत नाहीत ती रानमोडी व घाणेरी फोफावतात. सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरील, मातीचा थर पातळ असल्याने पावसाळी फुलांच्या दिवसांत तिथली वर्दळ, मग ती गुरांची असो वा घोड्यांची, सारखीच घातक ठरते.

गोचिडांचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१५ पासून सत्तरीने गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप पाहिला आहे. पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जातात, त्यामुळे चराईच्या वाटेवर चालणाऱ्याचा धोका वाढतो. तुलना करताना घोड्यांच्या बाजूचा हा मुद्दा विसरता कामा नये.

कायद्याने राष्ट्रीय उद्यानात चराईस मनाईच आहे. १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यासारख्या ठिकाणी ती नियंत्रित ठेवता येते. बाकी वाटांबाबत माझे मत गुरांच्या बाजूचे आहे. कित्येक वाटा मुळात गुरांनीच पाडल्या, आणि गवळी-धनगरांचे पोट त्यांवर आहे, तर घोडेस्वारी ही हौस आहे. चराईसाठी पाणवठे कुंपणाने राखावेत, फुलांच्या दिवसांत सडा मोकळा ठेवावा आणि गुरांवर गोचीडनाशकाचा उपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित करावा. घोड्यांना दिवाळीनंतर पावसापर्यंत फक्त रुंद, कोरड्या आणि सपाट रस्त्यांवर येऊ द्यावे. ज्या एकेरी चढावरून गावातली मुले शाळेत जातात, तिथे कोणत्याही ऋतूत नको.