पेटीबरोबर सगळे मंडळ बोलावणारे दुरुस्तीचे दुकान

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकामागच्या गल्लीत 'पेटी, तबला, ढोलक दुरुस्त करून मिळेल' एवढाच मजकूर रंगवलेली एक पाटी आहे. दुकानाला नाव नाही आणि मालकांना सगळे मिस्त्री म्हणूनच ओळखतात. ज्या हौशी भजनी मंडळांत पेटी (हार्मोनियम), बेंजो, ढोलक आणि खंजिरी एकत्र वाजतात, त्यांनी या दुकानात जावे की नाही, याविषयी हा अभिप्राय आहे. माझे मत एकूण अनुकूल आहे, पण सर्वच बाबतींत नाही.

वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांच्या या पट्ट्यात भजनी मंडळ नाही असे गाव क्वचितच सापडेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने भजन गावोगावी नेले, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळांमुळे सामुदायिक प्रार्थनेचा प्रघात खेड्यापाड्यांत रुजला. या मंडळांतील वादक शेतकरी असतात, शिक्षक असतात, एखादा किराणा दुकानदार असतो. रीतसर शिक्षण घेतलेला विरळाच. वाद्येही वर्गणीतून, जसे पैसे जमतील तशी घेतलेली. पेटी तीस वर्षांपूर्वीची, ढोलक मागच्या यात्रेतला आणि बेंजो कोणाच्या तरी मामाने दिलेला, असा हा संसार असतो. त्यामुळे प्रत्येक वाद्य एकटे ऐकले तर ठीक वाटते आणि सगळी मिळून वाजू लागली की कानाला काहीतरी खटकत राहते. या दुकानाचे खरे काम तेथे सुरू होते.

यापूर्वी आम्ही पुरुष मंडळाची पेटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात दिली होती. त्यांनी ती यंत्रावर लावून दिली आणि काम स्वच्छ केले, यात शंका नाही. परंतु गावात महिला मंडळाची दुसरी पेटी आहे, सायंप्रार्थनेला दोन्ही पेट्या एकत्र वाजतात, आणि हे त्या दुकानात कोणी विचारले नाही. एका पेटीचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरीचा तोच सूर ४४४ कंपनांचा असेल, तर दोन्ही एकदम वाजताना आवाज सेकंदाला चार वेळा कमीजास्त होतो. ज्याला कंपनांचा हिशेब ठाऊक नाही, त्यालाही ही थरथर ऐकू येते. आमच्या प्रार्थनेत ती थरथर पुढचे कित्येक महिने होती, आणि गाणाऱ्या बायका एका पेटीकडे तर पुरुष दुसरीकडे ओढले जात होते.

मिस्त्रींकडे पेटी घेऊन गेल्यावर त्यांनी ती उघडलीच नाही. "पेटी एकली नोका आनू भाऊ, गानारा संग पाहिजे," एवढे बोलून त्यांनी आम्हांला परत पाठवले. त्या क्षणी राग आला, हे खरे आहे, कारण पिकअप गाडीचे भाडे वाया गेले होते. पुढच्या खेपेला दोन्ही पेट्या, बेंजो, ढोलक आणि दोन्ही मंडळांचे मुख्य गायक असा सगळा लवाजमा नेला. दुकानात एवढी माणसे मावत नाहीत, त्यामुळे अर्धे मंडळ ओट्यावर बसले. गायकाने सवयीने ध्रुवपद उचलताच मिस्त्रींनी हात वर केला आणि म्हणाले, "धुरपद नोका म्हनू, अंतरा म्हना." ध्रुवपद कोणत्याही पट्टीत निभावून जाते, गळा ताणला जातो तो अंतऱ्यात, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या आसपास. आमचे गायक वर्षानुवर्षे काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या कळेला 'सा' धरून, गात होते आणि अंतऱ्याला ओरडत होते. त्यांना तिच्या खालच्या काळी एकवर आणल्यावर तोच अंतरा गळ्यात सहज बसला. वाद्याची एक चकतीही न हलवता भजन निम्मे सुधारले होते, आणि या सल्ल्याचे मिस्त्रींनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतरचा त्यांचा क्रमही समजून घेण्यासारखा आहे. ढोलकाचे बोल्ट आवळता येतात, बेंजोच्या खुंट्या पिळता येतात, गळाही थोडा वरखाली होतो. पेटीत मात्र पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या जिभा, पक्के बसवलेले असल्याने भजन सुरू झाल्यावर तिला काहीच करता येत नाही. म्हणून आधी दोन्ही पेट्या एकमेकींशी जुळवायच्या आणि मग बाकीची वाद्ये त्यांच्यामागे आणायची, असा त्यांचा नियम आहे. महिला मंडळाची पेटी जुनी असली तरी तिचे सूर उत्तम आहेत, असे सांगून त्यांनी पुरुष मंडळाची नवी पेटी तिच्याशी जुळवली. यंत्र त्यांच्याकडेही आहे, पण अखेरचा निर्णय ते दोन्ही पेट्यांवर एकच सूर धरून, थरथर पूर्ण थांबेपर्यंत ऐकून करतात.

सूर लावण्याचे काम मी जवळ बसून पाहिले. सुराच्या पितळी जिभेखाली ते एक पातळ पाते सरकवतात, म्हणजे जीभ वाकत नाही, आणि बारीक कानशीने अगदी हलका हात फिरवतात. जिभेच्या मोकळ्या टोकाकडे घासले तर सूर चढतो, बुडाकडे घासले तर उतरतो. दोन-तीन घासांनंतर फुंकर, मग पेटीत बसवून ऐकणे, पुन्हा बाहेर काढणे, असे प्रत्येक सुराचे चालते. एक काळी पट्टी अडखळत होती, तिचा सूर बिघडला असावा असे आम्ही धरून चाललो होतो. तिच्या सुरात गुलालाचा कण अडकलेला निघाला. भात्याच्या घडीला उंदराने पाडलेले छिद्रही त्यांनीच शोधले. भाता पूर्ण भरून, एकही पट्टी न दाबता तो किती वेळात खाली बसतो, हे पाहिले की गळती कळते. ही परीक्षा कोणत्याही मंडळाला घरी करता येईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, लाकूड आकसते आणि सांध्यांतून हवा जाऊ लागते. म्हणून पेटी टिनाच्या खोलीत ठेवू नये, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो.

आमचे बेंजोवादक जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत आणि अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचे शौकीन आहेत. आमचा बेंजो म्हणजे कळा दाबून वाजवायचा बुलबुलतरंग. तिकडचा पाच तारांचा बँजो हे निराळे वाद्य आहे. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या संचावरून नाव पडलेल्या त्या संगीतात परंपरेने ढोल नसतो, आणि मँडोलिनवादक तारा छेडून लगेच दाबत तालाची बाजू सांभाळतो. तिकडचे हौशी वादक गोल करून वाजवतात तेव्हा गायकाच्या गळ्याप्रमाणे गिटार आणि बँजो यांच्या मानेवर कॅपो नावाचा चिमटा चढवतात, त्यामुळे बोटांची सवय तीच राहते आणि पट्टी बदलते. त्याच विचाराने गुरुजी स्केलचेंजर पेटीसाठी आग्रही होते, कारण तिच्यात कळांची पट्टी सरकवून हवी ती पट्टी मिळते. मिस्त्रींनी मात्र नवी पेटी विकण्याची आयती संधी सोडून दिली. स्केलचेंजर वजनाला जड, तिच्यात सांधे जास्त, आणि खडबडीत रस्त्याने गावोगाव फिरणाऱ्या मंडळाकडे ती लवकर खिळखिळी होते. त्यापेक्षा वादकाने काळी एकवरून वाजवण्याचा सराव करावा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गुरुजींचे अजूनही पूर्ण समाधान झालेले नाही. मला मिस्त्रींचे म्हणणे पटते.

ढोलकाच्या कामाबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही; तोंडावरची पाने बदलून दिली, बोल्टांना तेल घातले, आवाज चांगला लागला. खंजिरीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. पूर्वी खंजिरीला घोरपडीचे कातडे लावत आणि जुने वादक अजून तेच मागतात, परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि मिस्त्री अशा मागणीला साफ नकार देतात. त्यांच्याकडे बकरीच्या कातड्याची आणि फायबरची अशा दोन खंजिऱ्या मिळतात. फायबरची पावसाळ्यात सैल पडत नाही, पण तिचा आवाज कोरडा येतो आणि खालचा घुमारा मिळत नाही. कातड्याची श्रावणात शेकून घ्यावी लागते, पण बसल्या बैठकीत तिचाच आवाज भजनाला शोभतो. आम्ही कातड्याची घेतली. कीर्तनकार सत्यपाल महाराजांची सप्तखंजिरी पाहून सात खंजिऱ्यांचा संच मागायला येणाऱ्या पोरांना मिस्त्री आधी एक नीट वाजवून दाखवायला सांगतात, त्यामुळे काही जण नाराज होऊन परत जातात.

आता तक्रारी. दिलेली तारीख येथे पाळली जात नाही. आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला आणि फोन बहुधा उचलला जात नाही. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंतांची पुण्यतिथी असते, तिच्या आधी परिसरातील सगळ्या मंडळांची वाद्ये येथे येऊन पडतात. त्या दिवसांत गेल्यास निराशाच पदरी पडेल, म्हणून काम उन्हाळ्याच्या अखेरीस टाकावे. पक्के बिल मिळत नाही. मंडळाचा हिशेब ग्रामसभेपुढे किंवा वर्गणीदारांपुढे ठेवावा लागतो, तेथे वहीच्या कागदावरचा आकडा दाखवताना अवघड होते. दर मात्र वाजवी आहेत: एका पेटीचे पूर्ण सूर लावण्याचे आमच्याकडून १,८०० रुपये घेतले आणि भात्याच्या ठिगळाचे २५० वेगळे. बेंजोला बसवलेला विजेचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरकडे पोचवणारा भाग, खरखरत होता. त्याला त्यांनी हात लावला नाही, केवळ तारा बदलून दिल्या. विजेचे काम करवून घ्यायचे असेल तर माईकवाल्याकडेच जावे लागेल.

टाळ मात्र येथून घेऊ नयेत. विक्रीला ठेवलेल्या जोड्यांतील दोन वाट्यांचा नाद एकमेकांशी जुळत नव्हता आणि हे दाखवून दिल्यावर, टाळ आपण बनवत नाही, बाहेरून आणून ठेवतो, असे मिस्त्रींनीच कबूल केले. आम्ही ते यात्रेतून, प्रत्येक जोडी वाजवून पाहून घेतले.