एक जानेवारी, पाडवा की चार महिन्यांचा नेम? नव्या वर्षाचं काही ठरवण्याआधी

संकल्प टिकत नाहीत, हे आपण इतक्या ठामपणे बोलतो की ते कुणी मोजून पाहिलंय का, हे विचारायचं राहूनच जातं. मोजलंय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या वर्षाचा संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही तो पाळत होते. बदल हवा होता पण संकल्प केला नव्हता, अशांमध्ये हेच प्रमाण ४ टक्के निघालं. माहिती लोकांनी स्वतःच दिलेली, म्हणजे आकडे थोडे फुगलेले असणार. तरीही तफावत एवढी मोठी आहे की ती नुसत्या फुशारकीतून येत नाही.

तेव्हा ठरवावं की नाही, यावर डोकं शिणवू नका. घोळ होतो तो पुढे: कधीपासून सुरू करायचं, ठरवायचं ते कोणत्या रूपात आणि त्यासाठी पैसे भरायचे की नाही.

कधीपासून?

एक जानेवारीची बाजू भक्कम आहे. संशोधक हेंगचेन दाई आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला, इतकंच काय वाढदिवसानंतरही, लोक व्यायामाकडे आणि डाएटकडे जास्त वळतात. मागचं मागे पडलं, आता पाटी कोरी, असं वाटायला एखादी तारीख पुरते. पण याच अभ्यासातून हेही निघतं की एक जानेवारीला काही वेगळं शिंग फुटलेलं नाही. साधा सोमवारही चालतो.

पुण्यात मात्र जानेवारीची एक अडचण आहे, ती यादी करताना कुणाच्या लक्षात येत नाही. या दिवसांत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि पहाटेचा पारा कधी कधी दहाच्या खाली जातो. ‘रोज साडेपाचला उठून चालणार’ असं ठरवणारा माणूस म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गारठ्याच्या अंधारात दीड तास काढायचं ठरवतोय. तो पाचव्या दिवशी पांघरूण ओढून घेतो, यात त्याच्या इच्छाशक्तीचा दोष नाही, पंचांगाचा आहे. साखर सोडणाऱ्याचे हाल तर बघवत नाहीत. दोन आठवडे होतात न होतात तोच संक्रांत. गुळाच्या पोळ्या, त्यावर तूप, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी. ‘तिळगूळ घ्या’ म्हणणाऱ्या काकूंना ‘माझं शुगर डिटॉक्स चालू आहे’ असं सांगून बघा.

गुढीपाडवा या बाबतीत उजवा. २०२६ मध्ये तो १९ मार्चला आहे, २०२७ मध्ये ७ एप्रिलला. तोवर सकाळी साडेसहा-पावणेसातला उजाडलेलं असतं, थंडी गेलेली असते आणि आठच्या आत फिरून आलं तर ऊनही लागत नाही. नवं आर्थिक वर्षही त्याच सुमारास सुरू होतं, ही आणखी एक सोय. वाईट बाजू अशी की हिशेब-बँकवाल्यांसाठी मार्चअखेर म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. पाडवा मार्चात आला तर त्यांनी सरळ अक्षय्य तृतीया गाठावी. आणि खाण्याचं काही ठरवणार असाल तर श्रीखंड-पुरीने सुरू होणारा उपक्रम फार लांब जात नाही, हे लक्षात घ्या.

तिसरा पर्याय आपल्या घरातच आहे आणि तो आपण म्हाताऱ्या माणसांवर सोडून दिलाय. चातुर्मासातला नेम. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला संपला. कुणी वांगं सोडायचं, कुणी कांदा-लसूण, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचायचं, कुणी एकभुक्त राहायचं. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवून नुसती रचना पाहिली तर ती फार हुशारीची आहे. नेम एकच असतो, सात-आठ नसतात. तो कधी संपणार हे पहिल्याच दिवशी माहीत असतं. घरात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे आजीच्या पानात कुणी वांगं वाढत नाही. शेवटी उद्यापन असतं, म्हणजे पार पडल्याचा चारचौघांत साजरा होणारा आनंदही असतो.

चार महिन्यांची ही मुदत आजच्या अभ्यासांशीही जुळते. सवय लागायला २१ दिवस पुरतात, असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे: रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्याला दिसलं होतं. त्यातला ‘निदान’ गळून पडला आणि नाकाच्या ऑपरेशनचा अनुभव सूर्यनमस्कारांना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर नजर ठेवून २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस, त्यात बहुतेकांचं जमून जावं.

माझं मत विचाराल तर तारीख कोणतीही निवडा, मुदत चार महिन्यांचीच ठेवा. जानेवारी ते एप्रिल घ्या किंवा पाडव्यापासून आषाढापर्यंत. वर्षभराचा संकल्प फेब्रुवारीत मोडला की माणूस उरलेले दहा महिने हात वर करून बसतो.

आकडा की रोजचं काम?

‘वर्षात दहा किलो कमी करणार’ आणि ‘रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालणार’, या दोन ठरावांत पहिला ऐकायला भारी वाटतो. पण आज संध्याकाळी घरी आल्यावर दहा किलोंचं नेमकं काय करायचं असतं? काहीच नाही. वीस मिनिटांचं मात्र चपला घालून करता येतं.

ऑफिसात ज्यांना ‘स्मार्ट गोल’ लिहायची सवय आहे, त्यांना हे पटकन पटत नाही. ती पद्धत जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडली. मोजता येणारं, मुदतीतलं, नेमकं. ऑफिसात ती चालते, कारण तिथे विचारणारा साहेब असतो आणि त्यावर पगारवाढ अडकलेली असते. घरी आपणच साहेब आणि आपणच कारकून. कारकुनाने सांगितलेली प्रत्येक सबब साहेबाला पटते. अप्रेझलची भाषा घरात आणू नये, असं मला वाटतं.

आकडा कुठे कामाला येतो? जिथे तारीख दुसऱ्याच्या हातात असते तिथे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, एरवी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरच्या नादी न लागता दहा किलोमीटरचं ठरवलं तर नवख्यालाही तीन-चार महिन्यांची तयारी पुरते. म्हणजे काम जानेवारीत नाही, श्रावण-भाद्रपदात सुरू करायचं. तेच भाषेचं. ‘यंदा जर्मन शिकणार’ हे मोघम. मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं की वर्गाची वेळ येते, परीक्षेची तारीख येते, शेजारच्या बाकावरचा गृहपाठ विचारतो. मोबाइलवरचं अ‍ॅप यातलं काहीच करत नाही. ते स्वस्त आहे एवढंच, आणि शब्द घोकायला बरं.

दुसरा फरक करायचं आणि सोडायचं यातला. स्वीडनमध्ये हजारभर लोकांचे संकल्प वर्षभर तपासले गेले, निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं, काहीतरी टाळायचं ठरवणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी. म्हणून ‘बाहेरचं खाणं बंद’ याऐवजी ‘सोमवार ते शुक्रवार दुपारचा डबा घरचा’. वडापाव समोर आला तर काय करायचं, हा प्रश्न मग जवळजवळ उरतच नाही, कारण पोट भरलेलं असतं.

आणि हे रोजचं काम केवढं असावं? मोजमाप चांगल्या दिवसाचं घेऊ नये. हिंजवडीत नोकरी आणि कोथरूडला घर असलेला माणूस घ्या. त्याने पावसाळ्यातला तो दिवस डोळ्यांपुढे आणावा: संध्याकाळी सातला निघालाय, वाकडच्या पुलापाशी गाड्या हलत नाहीत, घरी पोचायला नऊ, मुलीचा प्रोजेक्ट उद्या द्यायचाय आणि सिलिंडर संपलाय. त्या रात्री जे होईल तेच नेमाचं माप. पाच सूर्यनमस्कार होतील? मग पाच. चांगल्या दिवशी पंचवीस घालायला कुणी अडवलेलं नाही.

काम कशाला तरी बांधलं की आठवण ठेवावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर-तर’ योजना हीच. ‘सकाळी वाचेन’ असं नाही, तर ‘कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत वाचेन’.

वर्षाचं पॅकेज की पर्वती?

डिसेंबरअखेर जिमच्या काउंटरवर एक संवाद ठरलेला असतो. महिन्याची फी विचारली की उत्तर वार्षिक पॅकेजचं येतं. ‘सर, महिन्याने घेतलं तर महाग पडतं. आणि ही ऑफर एकतीसपर्यंतच.’ समोर लॅमिनेट केलेलं दरपत्रक, त्यावर पेनाने एक आकडा खोडून खाली दुसरा लिहिलेला. पैसे भरलेत म्हणजे जावंच लागेल, असं आपण मनाला समजावतो.

हेही तपासून झालंय. अर्थशास्त्रज्ञ स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिअर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन जिमच्या नोंदी पाहिल्या. महिन्याला ७० डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे सदस्य महिन्यात सरासरी ४ ते ५ वेळा फिरकत होते. एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. भरलेले पैसे माणसाला जिमपर्यंत ढकलत नाहीत, फक्त मनाला टोचत राहतात. महिन्याची फी महाग वाटली तरी पहिले तीन महिने तीच भरावी. तीन महिने गेलात, तर मग वर्षाचं पॅकेज खुशाल घ्या. ऑफर तेव्हाही असतेच.

फुकटातल्या पर्यायांत पर्वतीच्या टेकडीला तोड नाही. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या, वर देवदेवेश्वर. नाव न घालता, अर्ज न भरता तिथे एक अख्खी हजेरी चालते. तुम्ही चार दिवस त्याच वेळी गेलात की कानटोपीवाले आजोबा मान हलवायला लागतात. मग दोन दिवस गेला नाहीत तर तिसऱ्या दिवशी ‘गावाला होतात का?’ ही चौकशी ठरलेली. वैयक्तिक ट्रेनर याच कामाचे पैसे घेतो. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी इथेही हेच, फक्त संध्याकाळी जाणाऱ्यांनी अंधाराच्या आत खाली यावं.

सिंहगडाचं मात्र वेगळं. स्वारगेटहून पायथ्याला पीएमपीची बस जाते, चढ दमदार आहे, मजा येते. पण तो आठवड्यातून एकदाच होणार, आणि वर झुणका-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही वाट बघत बसलेलं. सहलीला उत्तम, नेम म्हणून कच्चा.

जिम जिंकते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर टेकडीची वाट निसरडी होते, बूट चिखलाने जड होतात, आणि ‘आज पाऊस आहे’ ही सबब चारही महिने खरी असते. तेवढ्यापुरती जिम लावून बाकी आठ महिने टेकडी, हा हिशेब पुण्याला बसतो.

नोंद कशात ठेवायची?

यावर फार खल नको. अ‍ॅपमध्ये एक दिवस चुकला की साखळी शून्यावर येते आणि माणसाचं मन उडतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बरं. दूध आलं नाही त्या तारखेला आपण गोल करून खाडा मांडतो, रतीब बंद करत नाही. नेमाचंही तसंच करावं: झालेले दिवस नकोत, फक्त खाडे मांडा. लॅली यांच्या अभ्यासातही एखाद-दुसरा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. लागोपाठ तीन गोल दिसले तर स्वतःला बोल लावत बसू नका, माप कमी करा. पाचाचे तीन सूर्यनमस्कार.

आणि पैशांचं?

बचतीला यातलं काहीच लागू नाही. तिथे रोज ठरवायची वेळच येऊ देऊ नये. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप कापली जाणारी आरडी (दरमहा ठरावीक रक्कम टाकायची ठेव) किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) लावून टाका. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षं चालते. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात आणि व्याज त्या महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. एकरकमी भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा, म्हणजे वर्षभराचं व्याज मिळेल.